शंभर पावलांवरची दुर्बीण

झिनाइदाच्या दुकानातल्या काचेच्या पेटीत त्या वर्षी सप्टेंबरअखेर रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी होत्या. एक वीतभर, साधी, चौपट दाखवणारी, खास बारकीसाठी केलेली. बारकी म्हणजे गावात प्रत्येकाच्या भिंतीवर असते ती लहान गोळीची रायफल. खार असो की सेबल, म्हणजे मुंगसाएवढं, महागड्या कातड्याचं रानजनावर, झाडावरचं जनावर कातडं न फाटता पाडायचं तर तीच लागते. दुसरी दुर्बीण दीड वीत लांब, बारापट दाखवणारी, पुढची काच चहाच्या कपाच्या तोंडाएवढी. ती मोठ्या रायफलींसाठी होती. नदीने इतक्या वर ती कशी आली, ते झिनाइदालाही सांगता आलं नसतं.

सावेली चापोगिर पेटीसमोर बराच वेळ उभा होता. वय एकसष्ट. आजवर त्याने बारकीवर काच बसवली नव्हती. बापाने तीस पावलांवर लावून दिलेला नेम पंचेचाळीस वर्षं जसाच्या तसा होता आणि खारीच्या डोळ्याखेरीज दुसरीकडे गोळी लागली तर सावेली दिवसभर घुश्श्यात असायचा. पण गेली दोन वर्षं नळीच्या टोकावरचा मणी विरघळायला लागला होता. आधी त्याला वाटलं, मण्यावर बर्फ साचतोय. मग कळलं, बर्फ डोळ्यात आहे.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, अग्राफेनालाही नाही. नदीवरचा रिवाज सरळ होता. ज्याचा उजवा डोळा गेला त्याने रान सोडायचं, गावात बसून जाळी विणायची, मासे खारवायचे. त्याचा रानाचा पट्टा लागूनच्या शिकाऱ्याकडे जातो. सावेलीच्या पट्ट्याला लागून देम्यानचा पट्टा होता, आणि देम्यान होता अग्राफेनाचा धाकटा भाऊ.

तो त्या दिवशी दुकानातच होता. चहाच्या पेट्यांवर बसून बिया चघळत होता. आणखी तीन-चार जण शेगडीभोवती उभे होते.

"दाजी, आज काच बघताय?" देम्यान म्हणाला. "दोन वर्षांमागं मी माझ्या बारकीवर बसवली तेव्हा मला काय म्हणाला होतात? चष्मेवाला घुबड."

"घुबड म्हणालो होतो. चष्म्याचं तू लावलंस."

शेगडीभोवतीची माणसं हसली. देम्यान उठून पेटीपाशी आला आणि वीतभर दुर्बिणीवर बोट ठेवलं.

"ही घ्या. झाडाखाली उभं राहून वर बघायचंय, चंद्रावरचे डाग मोजायचे नाहीत. वीस-तीस पावलांवर हिच्यातून लख्ख दिसतं. एका नजरेत अर्धं झाड मावतं, म्हणून जनावर चटकन सापडतं. ती मोठी जवळचं धुकं दाखवते. आणि मान वर करून बघताना डोकं जरा हललं की तिच्यातली नेमाची फुली भलत्याच फांदीवर जाते."

"तू तिच्यातून बघितलंयस?"

"बघितलंय. गेल्या साली कातडी घेणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे होती तसली. झाडावरचा सेबल सोडून त्याने फांदी पाडली." मग देम्यान आवाज न चढवता पुढे म्हणाला, "माझ्या सासऱ्यांनीही ही लहानच घेतली. म्हाताऱ्या डोळ्याला सोपी आहे."

त्याच्या मनात काही नसेलही. पण शेगडीजवळच्या एकाने सावेलीच्या उजव्या डोळ्याकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे.

"मला डोळ्यासाठी नकोय," सावेली म्हणाला. "लांबचे रानकोंबडे टिपायचेत. शेंड्यावर बसतात, शंभर पावलांच्या आत येऊ देत नाहीत. झिनाइदा, ती मोठी काढ."

"काढते," झिनाइदा म्हणाली. "पण बदलून मिळणार नाही हं, बाबा. एकदा हेलिकॉप्टर परत गेलं की गेलं."

"मी बदलायला येईन असं वाटतं तुला?"

देम्यानने खांदे उडवले आणि परत पेट्यांवर जाऊन बसला. वीतभर दुर्बीण तासाभरातच दुसऱ्या कोणी तरी नेली.

नेम लावायला सावेली नदीच्या वळणापलीकडे एकटा गेला. गावाजवळ लावला असता तर किती गोळ्या लागल्या हे पोरांनीसुद्धा मोजलं असतं. आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा त्याने तीस पावलांवर ओंडक्यावर ठेवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. डब्याच्या जागी निळसर डाग होता. तो डागही, डोकं हललं तसा फुलीखालून सरकत होता. त्याने डोळा पुसला, काच पुसली, पुन्हा पाहिलं. डाग तसाच. याचा दोष त्याने स्वतःच्या डोळ्यावर टाकला, दुर्बिणीवर टाकला नाही.

मग तो डबा घेऊन वाळूवर चालत गेला, शंभर पावलं मोजली, डबा ठेवला आणि परत आला. आता दुर्बिणीतून डब्यावरची अक्षरं दिसली. अक्षरांच्या कडा दिसल्या. डब्याच्या काठावर बसलेली माशी दिसली. दोन वर्षांत त्याला एवढं स्वच्छ काही दिसलं नव्हतं. तो पोटावर पडून नुसताच बघत राहिला, पलीकडच्या काठावरची भूर्जं, त्यांची सुटलेली साल, एका फांदीवर झोपलेला पक्षी. मग त्याने नेम लावला. अकराव्या गोळीला डबा उडाला, बाराव्या आणि तेराव्यालाही उडाला. जे लांबवर लागतं ते जवळ लागणारच, असं धरून तो घरी आला.

तसं होत नाही. बारकीची गोळी हलकी. शंभर पावलांवर पोचवायची तर ती कमानीतून जाते, आणि तीस पावलांवर ती कमान नेमापेक्षा चार बोटं वर असते. सेबलचं डोकं दोन बोटांचं. हे देम्यानच्या वयाच्या कोणालाही ठाऊक होतं. सावेलीला पंचेचाळीस वर्षांत ते ठाऊक असण्याची गरजच पडली नव्हती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो रानातल्या आपल्या झोपडीवर गेला. बरोबर चिर्का होती. सहा वर्षांची, करडी, एका कानाला चीर गेलेली कुत्री. नदीवर तिच्यासारखी दुसरी नाही हे देम्यानही मान्य करायचा. ती सेबलचा माग काढायची, त्याला झाडावर चढवायची आणि मालक येईपर्यंत खाली उभी राहून एका लयीत भुंकायची. खारीवर तिचा आवाज वेगळा, सेबलवर वेगळा. गोळी सुटली की ती एकदम गप्प व्हायची आणि जनावर जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभी राहायची.

पहिला सेबल तिने दुसऱ्याच दिवशी चढवला. स्प्रूसचं झाड, पंचवीस पावलं. सावेलीने दुर्बीण लावली आणि त्याला नुसता हिरवा काळोख दिसला. फांदी कोणती, खोड कोणतं, कळेना. दुर्बीण इतकं थोडं दाखवत होती की तो झाडावर वाट चुकला. शेवटी एक तपकिरी गोळा सापडला. फुली त्यावर ठेवली, ती सरकली, परत ठेवली, चाप ओढला. चिर्का गप्प झाली, पळत जाऊन खोडाच्या पलीकडे उभी राहिली आणि वर बघत राहिली. काही पडलं नाही. सेबल पुढच्या झाडावर उडी मारून गेला. तिने त्याला पुन्हा चढवलं. सावेलीने पुन्हा दोन गोळ्या घालवल्या.

सेबल निघून गेल्यावर ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या हातमोज्याला नाक लावलं.

"माझीच चूक," सावेली तिला म्हणाला. "उद्या बघू."

उद्याही तेच झालं. एक दिवस त्याने दुर्बीण काढून ठेवली. पण मणी आता मुळीच दिसत नव्हता, नळी पुढे धुक्यात संपत होती. त्याने दुर्बीण परत चढवली. पंधरा दिवसांत चिर्काने अकरा सेबल चढवले. दोन पडले, आणि त्यातला एक मानेत गोळी लागून, कातडं फाटून.

ज्या कुत्र्याने झाडावर चढवलेलं जनावर खाली येतच नाही, तो कुत्रा फार दिवस विश्वास ठेवत नाही. चिर्का आता पहिल्यासारखी तास-तास भुंकत नव्हती. दहा-वीस वेळा भुंकायची आणि थांबून मागे बघायची. कधी माग अर्ध्यावर सोडून यायची. एकदा सावेली झाडाखाली पोचला तर ती खाली बसून पाय चाटत होती. सावेलीने वर बघितलं, पण सेबल होता की नव्हता हे त्याला समजलं नाही.

संध्याकाळी सहाला सगळ्या झोपड्या वायरलेसवर एकमेकांशी बोलायच्या. एकच वाहिनी, सगळे ऐकायचे. सावेली बरेच दिवस "ठीक आहे" म्हणून उरकत होता. नोव्हेंबरच्या पाच तारखेला देम्यानने विचारलं,

"दाजी, तुमच्या बाजूनं गोळ्या फार ऐकू येतात हो. लग्न आहे का घरात?"

कोणी तरी हसलं. वाहिनीवर हसणारा ओळखू येत नाही, म्हणून ते सगळेच हसल्यासारखं वाटतं.

"किती झाले?" देम्यानने विचारलं.

सावेलीने बटण दाबलं. काही तरी सांगणं भाग होतं.

"कुत्री बिघडली," तो म्हणाला. "रिकाम्या झाडांवर भुंकते. मी गोळ्या घालून बघतो, वर काही नसतं."



"चिर्का?" खालच्या झोपडीवरचा कोणी म्हणाला. "अहो, ती तर..."

"मीच सांगतोय ना."

हे बोलून झालं आणि सावेलीला कळलं की आपण काय केलं. खोटं भुंकणारा कुत्रा नदीवर कोणी ठेवत नाही. त्याला कोणी विकत घेत नाही, फुकट नेत नाही, त्याची पिल्लंही नेत नाहीत. त्याला मारतात, त्याच हंगामात. शब्द परत घ्यायचा तर त्याच वाहिनीवर दुसरा शब्द द्यावा लागला असता, आणि तो शब्द डोळ्याचा होता.

"मी येतो परवा," देम्यान म्हणाला. "दोघं मिळून बघू."

तो सात तारखेला सकाळी स्कीवरून आला. चिर्का त्याच्या अंगावर उड्या मारत आली. ती त्याला पिल्लू असल्यापासून ओळखत होती. देम्यानने तिला वाळवलेल्या माशाचं शेपूट दिलं.

"बिघडल्यासारखी दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसण्यावर असतं का?"

ते निघाले. तासाभरातच ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचा आवाज आला. सेबलचा. जाड, एका लयीतला, जुना आवाज. देवदाराचं मोठं झाड होतं, एकटंच उभं. चिर्का पुढचे पाय खोडावर ठेवून भुंकत होती. देम्यान आल्यामुळे तिला पुन्हा आशा वाटली असावी.

परक्या पट्ट्यावर, परक्याच्या कुत्र्याने चढवलेल्या जनावरावर, पाहुणा बंदूक उचलत नाही. बोट दाखवत नाही आणि वर काय आहे ते मालकाच्या आधी बोलत नाही. देम्यानने रायफल पाठीवर तशीच ठेवली आणि हात मागे बांधले.

सावेलीने दुर्बीण लावली. काळोख, सुया, फांद्यांचे तुकडे. वर, खाली, परत वर. मान भरून आली. श्वासाने काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला, तो त्याने अंगठ्याने पुसला.

"किती पावलांवर लावलीत?" देम्यानने हळूच विचारलं.

"शंभर."

देम्यानने एकदा त्या लांब दुर्बिणीकडे बघितलं.

सावेलीने दुर्बीण खाली केली आणि डाव्या डोळ्याने, त्याने जवळचं अजून दिसायचं, मेहुण्याकडे बघितलं. देम्यान झाडाकडे बघत होता. त्याची नजर खोडावरून वर गेली, शेंड्याच्या थोडी खाली एका जागी थांबली आणि तिथे ठरली. शिकाऱ्याची नजर ठरते तशी. मग ती खाली आली, बर्फावर.

"काय?" देम्यान म्हणाला.

आता सांगता आलं असतं. देम्या, मला दिसत नाही, तू बघ, एवढंच. सहा शब्द. संध्याकाळपर्यंत ते नदीभर झाले असते आणि उन्हाळ्यात पट्टा देम्यानच्या नावावर.

"रिकामं," सावेली म्हणाला.

देम्यानने मिशीवरचा बर्फ झाडला. घाई केली नाही.

"रिकामं," तो म्हणाला.

चिर्का भुंकत होती. दोघं वळले आणि झोपडीकडे निघाले, तरी ती बराच वेळ भुंकत राहिली. मग तीही आली, मागून, अंतर ठेवून.

झोपडीत त्यांनी चहा घेतला. देम्यानने दोन पेले रिचवले, रोटीचा तुकडा चहात बुडवून खाल्ला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. सगळ्यांनी ऐकलंय."

"तुमच्या हातून नको, दाजी. सहा वर्षं तुमचं खाल्लंय तिनं. मी नेतो. ओढ्यापलीकडे करतो."

सावेली उठला. भिंतीवरची दोरी काढून त्याने देम्यानच्या गुडघ्यावर ठेवली. बाहेर चिर्काला दोरी बांधताना ती उभी राहिली, मान पुढे करून, कुठे तरी नवीन रानात जायचं असल्यासारखी. सावेली दाराशी आला नाही. स्कींचा आवाज गेला. त्याने चुलीत लाकूड घातलं, ते पेटलं, दुसरं घातलं. ओढ्याच्या बाजूने एक गोळी ऐकू आली. बारकीची, कोरडी, फांदी मोडल्यासारखी. त्याने पेले धुतले.

संध्याकाळी वाहिनीवर देम्यान म्हणाला, "दाजी बरोबर होते. खोटी होती." कोणी काही विचारलं नाही. अग्राफेना गावातल्या वायरलेसवर होती. तिने एवढंच विचारलं की पीठ पुरेल ना.

पुढे सावेलीने सापळ्यांवर भागवलं. लाकडी सापळे, जुने, त्याच्या बापाच्या पद्धतीचे. ओंडका कुठे ठेवायचा हे हाताला ठाऊक होतं, त्याला डोळा लागत नव्हता. आमिषाला रानकोंबड्यांचे पंख. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरची फेरी. रायफल तो बरोबर नेत असे, रिकाम्या हाताने फिरणारा शिकारी दिसू नये म्हणून.

एकोणीस तारखेला तो हद्दीच्या ओढ्यापाशी सापळे बघत होता. बर्फ गुडघ्याच्या वर आला होता, ओढा गोठून सपाट झाला होता. पलीकडच्या उतारावर कुत्रा भुंकायला लागला.

सावेली सापळ्यावर वाकला होता तो तसाच राहिला. जाड आवाज, एका लयीतला. तास-तास टिकणारा. खारीवरचा नाही, सेबलवरचा. माणूस आपल्या कुत्र्याचा आवाज विसरत नाही, त्यात चूक होण्यासारखं काही नसतं. भुंकणं पाच मिनिटं चाललं. मग एक गोळी. एकच. आवाज थांबला आणि दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही.

त्याला झाडीत सरकता आलं असतं. तो ओढ्यावर उभा राहिला.

देम्यान थोड्या वेळाने उतारावरून खाली आला. पट्ट्याला सेबल लटकत होता, ताजा, अजून मऊ. पुढे चिर्का. तिने सावेलीला पाहिलं आणि बर्फ उडवत ओढा ओलांडून आली. त्याच्या गुडघ्यांवर पाय ठेवले, हातमोजा तोंडात धरून ओढला, पूर्वी ओढायची तसा.

देम्यान आपल्या बाजूच्या काठावर थांबला. ओढा ओलांडून आला नाही.

"दाजी," तो म्हणाला.

"सेबल चांगला आहे."

"डोक्यात लागलाय."

"दिसतंय."

 चिर्का दोघांच्या मधे बर्फावर बसली.

"ही कुठली?" सावेलीने विचारलं.

देम्यानने त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, हसूही नव्हतं.

"वरच्या गावाहून आणली," तो म्हणाला.

वरचं गाव पाच दिवसांच्या वाटेवर होतं, आणि जाऊन-येऊन दहा. मधले बारा दिवस देम्यान रोज संध्याकाळी सहाला स्वतःच्या झोपडीतून वाहिनीवर बोलला होता. सावेलीला हे मोजून दाखवता आलं असतं. तिची मान धरून, ही माझी, असंही म्हणता आलं असतं. पण त्याची कुत्री खोटी होती आणि मेली होती. ही खरी होती आणि जिवंत होती. दोन्ही एकच आहेत असं म्हणायचं तर आधी त्या देवदारावर काय होतं ते सांगावं लागलं असतं.

"त्या दिवशी," सावेली म्हणाला, "देवदारावर. तू बघितलंस ना?"

"मी कशाला बघू? तुमचं झाड, तुमची कुत्री. तुम्ही म्हणालात रिकामं."

"म्हणालो."

"मग रिकामंच."

सावेलीने मान हलवली. चिर्काच्या चिरलेल्या कानावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"खरी भुंकते का ही?"

"आत्तापर्यंत तरी एकदाही खोटी नाही."

"नाव काय ठेवलंस?"

"अजून ठेवलं नाही." देम्यानने रायफल दुसऱ्या खांद्यावर घेतली. "सुचलं की ठेवतो."

त्याने शीळ घातली. चिर्का उठली, पण गेली नाही. सावेलीकडे बघत उभी राहिली. त्याने काही तरी म्हणायची ती वाट बघत होती. चल, किंवा थांब.

"जा," सावेली म्हणाला.

ती जाईना. तेव्हा त्याने पाय आपटला आणि परक्या कुत्र्यावर ओरडतात तसा तिच्यावर ओरडला. ती दचकून बाजूला झाली, शेपूट खाली केलं आणि ओढा ओलांडून गेली. देम्यान तिच्यामागे चढ चढू लागला. सावेली परत सापळ्यावर वाकला.